दोन चाकांची सवय आणि तिसरे चाक

रोवणीचे दिवस होते. भंडारा जिल्ह्यात जुलैच्या मध्याला रस्त्याच्या दोन्ही अंगांना चिखलाने भरलेल्या बांध्या असतात आणि बायका वाकून धानाचे पऱ्हे रोवत असतात. लाखनीजवळच्या माझ्या आजोळी अशाच एका सकाळी माझे मामा आपल्या नव्या तीनचाकी गाडीसह एका बांधीत गेले. चिखल मऊ असल्याने त्यांना काही लागले नाही. रोवणाऱ्या बायकांनीच त्यांना आणि गाडीला बाहेर काढले. संध्याकाळी मामांचा मला फोन आला. आवाजात भीती नव्हती, अपमान मात्र होता. ते म्हणाले, "बापू, मी गाडी डावीकडे वळवली आणि ती उजवीकडे गेली."

मामा जिल्हा परिषदेच्या शाळेतले निवृत्त शिक्षक. आधी सायकल, मग मोपेड आणि नंतर तीस वर्षे मोटारसायकल असा त्यांचा प्रवास. दोन वर्षांपूर्वी पक्षाघाताचा सौम्य झटका आला आणि डाव्या पायातली ताकद गेली. थांबताना गाडी तोलून धरता येईना. म्हणून गिअर नसलेली एक स्कूटर घेऊन तिच्या मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना जोडचाके बसवून घेतली. मोजायला गेले तर अशा गाडीला चार चाके असतात, पण मागची तिन्ही एकाच ओळीत असल्याने ती वागते तीनचाकीसारखी आणि गावातही तिला तीनचाकीच म्हणतात. अंगणात चार दिवस सराव झाला तेव्हा सारे ठीक होते. पाचव्या दिवशी डांबरी रस्त्यावर हा प्रकार घडला.

मिस्त्रीने गाडी तपासली, दोष सापडला नाही. मग दोष मामांचाच, असा घरात निकाल लागला. मामेभावांनी गाडी विकायची ठरवली. मामांच्या दृष्टीने गाडी म्हणजे लाखनीचा बाजार, पेन्शनची बँक आणि जुन्या सहकाऱ्यांबरोबरचा चहा. ती गेली की उरणार ओसरी. मीही, सांगायला लाज वाटते, फोनवर त्यांना आधी डॉक्टरकडे जायला सांगितले. डाव्या-उजव्याचा गोंधळ म्हणजे मेंदूत पुन्हा काही झाले असावे, अशी मला शंका आली. डॉक्टरांनी नवे काही नाही असे सांगितले. आणि तिसऱ्या दिवशी सायकलवरून प्रयोगशाळेत जाताना एका वळणावर माझे लक्ष माझ्याच हातांकडे गेले. मामा खरे बोलत होते. त्यांनी डावीकडे वळण्यासाठी जे केले, ते मोटारसायकलवर अगदी बरोबर होते.

वाचकांपैकी बहुतेकांना सायकल येत असेल. मग एका प्रश्नाचे उत्तर द्या. वेगात असताना सायकल डावीकडे वळवायची तर हँडल आधी कोणत्या बाजूला फिरवता? जवळपास प्रत्येक जण म्हणेल, डावीकडे. हे उत्तर चूक आहे, आणि तरीही ते देणारा माणूस रोज सुखरूप घरी पोचतो.

वेगातली दुचाकी वळवायची तर आधी ती आत झुकवावी लागते. न झुकवता चाक डावीकडे वळवले तर चाके डावीकडे सरकतील, पण वरचे आपले शरीर जडत्वाने सरळ जात राहील आणि आपण उजवीकडे पडू. म्हणून आपले हात नकळत पुढचे चाक प्रथम किंचित उजवीकडे नेतात. चाके शरीराखालून उजवीकडे सरकतात, त्यामुळे गाडी डावीकडे कलते, आणि मग चाक डावीकडे वळून ती वळण घेते. तळहातावर काठी तोलण्याचा खेळ आठवा. काठी डावीकडे न्यायची तर हात आधी उजवीकडे न्यावा लागतो. हात थेट डावीकडे नेला तर काठी उजवीकडे पडते. दुचाकी ही पायाला चाके लावलेली अशी काठीच आहे.

शाळेत हे दाखवायला खर्च काही नाही. कोरड्या मैदानावर एका रेषेजवळ पाणी ओतून ठेवा. एखाद्या विद्यार्थ्याला बऱ्यापैकी वेगाने सायकलवरून त्या पाण्यातून सरळ यायला सांगा आणि पुढे आल्यावर 'डावीकडे' असे ओरडा. ओल्या चाकांचे ठसे नीट पाहा. डाव्या वळणाआधी ठसे थोडे उजवीकडे गेलेले दिसतात. हे अंतर फार नसते, म्हणून दोन-तीनदा करून पाहावे लागते, आणि मुलाला आधी काहीही सांगायचे नाही. सांगितले की तो विचार करू लागतो, आणि विचार करणारा सायकलस्वार बिघडतो.

या गोष्टीचा इतिहास मोठा गमतीचा आहे. १२ जून १८१७ रोजी जर्मनीतल्या मानहाइम शहरात कार्ल फॉन द्राइस हा गृहस्थ लाकडी दुचाकीवरून बाहेर पडला आणि जाऊन-येऊन तेरा-चौदा किलोमीटर फिरून आला. या गाडीला पॅडल नव्हते. पायांनी जमीन मागे रेटायची आणि वेग आला की पाय उचलायचे. महत्त्वाचे म्हणजे तिचे पुढचे चाक वळत होते. वळणारे पुढचे चाक नसते तर तोल सांभाळताच आला नसता, कारण दुचाकी तोलायची म्हणजे पडत्या बाजूला चाके नेत राहायची. द्राइसच्या गाडीवर बसणारे लोक ही विद्या अंगाने शिकले. ती शब्दांत मांडायला मात्र पन्नास वर्षे गेली. वाफेच्या यंत्रावरील कामासाठी प्रसिद्ध असलेल्या रँकिन या स्कॉटिश शास्त्रज्ञाने १८६९ साली लिहिलेल्या लेखमालेत, वळणापूर्वी चाक उलट दिशेला न्यावे लागते, हे स्पष्ट मांडले. १८९९ साली व्हिपल या इंग्रज गणितज्ञाने सायकलच्या गतीची समीकरणे लिहिली. विमानाच्या आधी सायकलींचे दुकान चालवणाऱ्या राइट बंधूंपैकी विल्बर यालाही हे ठाऊक होते. तुम्ही डावीकडे कसे वळता, असे त्याने अनेक सायकलस्वारांना विचारून पाहिले. पहिल्या दमात बरोबर सांगणारा त्याला एकही भेटला नाही.

आणि आपले ज्ञान अजून पुरे झालेले नाही. चाके फिरतात म्हणून भोवऱ्याप्रमाणे सायकल उभी राहते, असे स्पष्टीकरण अनेक वर्षे शिकवले गेले. काही जण पुढच्या चाकाच्या मागे ओढल्या जाण्याला, म्हणजे खुर्चीच्या फिरत्या चाकासारख्या वागण्याला श्रेय देत. २०११ साली अमेरिका व नेदरलँड्समधल्या संशोधकांनी हे दोन्ही परिणाम काढून टाकलेली एक छोटी दुचाकी बनवली. ढकलून दिल्यावर तीही स्वाराविना, आपली आपण उभी राहून धावली. म्हणजे ही दोन्ही कारणे मदत करत असली तरी अपरिहार्य नाहीत. दोनशे वर्षे वापरात असलेल्या वस्तूबद्दल हे वाचून मला बरे वाटले होते.

आता तीन चाकांकडे येऊ. तीन पायांचे स्टूल कुठेही ठेवा, डुगडुगत नाही. तीनचाकी गाडी झुकत नाही, आणि झुकत नसल्याने तिथे उलट फिरवण्याचे कारणच उरत नाही. चाक ज्या बाजूला वळवाल त्या बाजूला गाडी जाते. हे ऐकायला सोपे आहे. पण मामांच्या हातांना तीस वर्षांची दुसरी शिकवण होती. डावीकडे वळायचे म्हणून त्यांच्या डाव्या हाताने हँडल हलकेच पुढे रेटले. मोटारसायकल यावर डावीकडे कलली असती. तीनचाकी कलली नाही, तिने चाकाची आज्ञा पाळली आणि ती उजवीकडे गेली. गाडी भलतीकडे जातेय हे पाहून मामांनी डाव्या हाताने आणखी जोर लावला, आणि तिने तीही आज्ञा पाळली. समोरून वाहन येत नव्हते हे नशीब. अंगणात हे का घडले नाही याचेही उत्तर यातच आहे. चालण्याच्या वेगात दुचाकीचे झुकणे नगण्य असते आणि हँडल आपण बरेचसे थेट फिरवतो. वेग वाढला की हातांचा जुना नियम जागा होतो.

मोटारगाड्यांच्या जन्माच्या वेळीच या दोन नियमांची गाठ पडली होती. १८८५ साली जर्मनीत गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी आपले छोटे पेट्रोल इंजिन एका लाकडी दुचाकीवर बसवले. ही जगातली पहिली पेट्रोल मोटारसायकल मानली जाते. इंजिन २६४ घनसेंटिमीटरचे, शक्ती अर्ध्या अश्वशक्तीइतकी. नोव्हेंबरमध्ये डाइमलरच्या मुलाने ती रस्त्यावर चालवली, आणि इंजिन बैठकीखालीच असल्याने वाटेत बैठकीने पेट घेतला अशी हकीकत सांगतात. तिचे चित्र मी मामांना पाठवले, कारण त्या गाडीच्या दोन्ही बाजूंना स्प्रिंगवर बसवलेली छोटी जोडचाके आहेत. जगातली पहिली मोटारसायकल मामांच्या गाडीची सख्खी बहीण निघाली. डाइमलरला मोटारसायकल बनवायची नव्हती, त्याला इंजिनाची परीक्षा घ्यायची होती. त्याच्या हँडलची रचनाही झुकून वळण्याला सोयीची नव्हती. म्हणून त्याने तोल सांभाळण्याचे काम जोडचाकांवर सोपवले.

त्याच वर्षी मानहाइममध्ये, म्हणजे द्राइसच्याच गावात, कार्ल बेंझ आपली गाडी तयार करत होता. २९ जानेवारी १८८६ ही तिच्या पेटंटची तारीख. मोटारगाडीचा जन्मदिवस म्हणून ती सांगितली जाते, पण ती गाडी तीनचाकी होती हे आपण सहसा विसरतो. पुढे एक चाक, मागे दोन. ऑगस्ट १८८८ मध्ये बेंझची पत्नी बर्था दोन मुलांना घेऊन अशाच गाडीतून मानहाइमहून शंभराहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या फोर्झहाइमला माहेरी गेली, तीही तीन चाकांवरच.

बेंझने तीन चाके का निवडली? त्याला पुढची दोन चाके नीट वळवण्याची समाधानकारक रचना सापडत नव्हती. वळताना आतल्या चाकाला लहान वर्तुळ काढायचे असते आणि बाहेरच्याला मोठे, त्यामुळे दोन्ही चाके सारख्याच कोनात वळवली तर एक घसटत जाते. पुढे एकच चाक असले की हा प्रश्नच नाहीसा होतो. गंमत अशी की याचे उत्तर पूर्वीच मिळालेले होते. म्युनिकच्या लांकेनस्पेर्गर नावाच्या घोडागाडी बनवणाऱ्याने दोन्ही चाके वेगवेगळ्या कोनांत वळवणारी युक्ती शोधली होती आणि १८१८ साली लंडनमध्ये अ‍ॅकरमान यांच्या नावाने तिचे पेटंट घेतले गेले होते. द्राइसच्या फेरफटक्यानंतर जेमतेम वर्षभराने! बेंझने चारचाकीसाठी आपल्या रचनेचे पेटंट घेतले ते १८९३ साली. मधली पंचाहत्तर वर्षे ही युक्ती घोडागाड्यांच्या जगात राहिली आणि नव्या जगाला तिची गरज उशिरा कळली.

मागच्या दोन चाकांचा प्रश्न मात्र तीनचाकी सायकलींनी आधीच सोडवला होता. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्लीने १८७७ साली आपल्या तीनचाकीत डिफरन्शियल वापरले, म्हणजे इंजिनाची किंवा पायांची शक्ती दोन्ही चाकांना देऊनही त्यांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी दातेरी चाकांची जोडणी. राणी व्हिक्टोरियाने १८८१ साली त्याच्या गाड्या विकत घेतल्या. आपली रिक्षा वळते तेव्हा आजही ही जोडणी काम करत असते. मामांच्या गाडीला तिची गरज नाही, कारण तिथे शक्ती फक्त मधल्या चाकाला मिळते. पण त्याची वेगळी किंमत मोजावी लागते. बैलगाडीच्या चाकोऱ्या पडलेल्या रस्त्यावर दोन्ही जोडचाके उंचवट्यावर आली की मधले चाक खोलगट जागेवर अधांतरी राहते आणि जागच्या जागी फिरत बसते.

दुचाकीची तीनचाकी करण्याची परंपरा आपल्याकडेही जुनी आहे. इटलीत कोराडिनो दास्कानिओ या विमान अभियंत्याने १९४६ साली व्हेस्पा स्कूटर बनवली. व्हेस्पा म्हणजे गांधीलमाशी. दोन वर्षांनी तिचा पुढचा भाग तसाच ठेवून मागे दोन चाकांचा हौदा जोडला गेला आणि तिला 'आपे' म्हणजे मधमाशी असे नाव मिळाले. बजाज कंपनीला भारतात दुचाकी व तीनचाकी बनवण्याचा परवाना १९५९ साली मिळाला आणि पियाज्जोच्या सहकार्याने पुण्याजवळ आकुर्डीला हा उद्योग वाढला. त्याच सुमारास, १९५८ साली, नवलमल फिरोदिया यांनी हाम्बुर्गच्या टेम्पो कंपनीच्या सहकार्याने बजाज टेम्पो सुरू करून तीनचाकी मालवाहू गाड्या काढल्या. कंपनीचे नाव पुढे बदलले. पण 'टेम्पो' हा शब्द मराठीत असा रुजला की आज तो चार चाकांच्या गाडीलाही लागतो. दिल्लीत महायुद्धातून उरलेल्या हार्ले-डेव्हिडसन मोटारसायकलींना मागे बैठक जोडून 'फटफटी' धावत, त्या १९९०च्या दशकाच्या अखेरीस प्रदूषणामुळे बंद झाल्या. सौराष्ट्रातला 'छकडा' म्हणजे पुढून मोटारसायकल आणि मागून गाडाच.

या सगळ्या वाहनांवर पहिल्यांदा बसणारे बहुतेक चालक सायकल किंवा स्कूटर चालवून आलेले होते. हँडल तेच, मूठ तीच, ब्रेकही बराचसा तसाच. त्यामुळे हातांना वाटते की ही ओळखीचीच गाडी आहे. मोटारीचे गोल स्टिअरिंग वेगळे दिसते, म्हणून तिथे जुनी सवय जागी होत नाही. फसवते ते साम्य. भंडाऱ्याला वरठीच्या स्थानकावरून येताना मी एका वयस्क रिक्षाचालकाला याबद्दल विचारले. तरुणपणी त्याने सायकलरिक्षा ओढली होती. सायकल उत्तम येणारा माणूसच पहिल्या दिवशी सायकलरिक्षा नालीत घालतो, असे तो हसत म्हणाला. ज्याला सायकल येतच नाही तो सरळ चालवतो.

तीन चाकांची दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. दुचाकी वळणावर आत झुकते आणि त्यामुळे तोल राखते. तीनचाकी झुकू शकत नाही, उलट बाहेरच्या बाजूला कलंडू पाहते. तिची तीन चाके जिथे टेकतात ते बिंदू जोडले की त्रिकोण होतो. गुरुत्वमध्यातून निघणारी वजनाची आणि वळणाच्या परिणामाची एकत्रित रेषा या त्रिकोणात पडते तोवर गाडी सुरक्षित, बाहेर गेली की उलटते. पुढे एक चाक असेल तर त्रिकोण पुढे निमुळता होतो, म्हणून वजन जितके पुढे तितका धोका जास्त.

अंदाजी मापे घेऊन गणित करू. जोडचाकांमधले अंतर ९० सेंटिमीटर, पुढच्या चाकापासून मागच्यापर्यंत १२५ सेंटिमीटर, स्वारासह गुरुत्वमध्य जमिनीपासून ७० सेंटिमीटर उंच आणि मागच्या चाकापासून ४५ सेंटिमीटर पुढे. त्या जागी त्रिकोणाची अर्धी रुंदी ४५ × (८० ÷ १२५), म्हणजे सुमारे २९ सेंटिमीटर भरते. तिला ७० ने भागले की ०.४१ मिळतात. वळणाचे त्वरण गुरुत्व त्वरणाच्या ०.४१ पटीपेक्षा वाढले की गाडी उलटेल. १० मीटर त्रिज्येच्या वळणावर हा वेग ताशी सुमारे २३ किलोमीटर येतो. पायाजवळ तांदळाचे पोते ठेवून गुरुत्वमध्य आणखी २० सेंटिमीटर पुढे सरकला तर हीच मर्यादा ताशी सुमारे २० किलोमीटरवर येते. याच वळणावर ताशी २३ किलोमीटर वेगाने मोटारसायकल सुमारे २२ अंश झुकून आरामात निघून जाते, आणि स्वाराला आपण काही विशेष केले असे वाटतही नाही. वळणात ब्रेक दाबला तर वजनाचा भार पुढे, म्हणजे त्रिकोणाच्या अरुंद टोकाकडे जातो. म्हणून तीनचाकीचा वेग वळणाच्या आधीच कमी करायचा असतो. दहावीच्या मुलांना हे गणित जमते, आणि आपापल्या गावच्या रिक्षाची मापे घेऊन केले तर अधिक जमते.

आपल्या पूर्वीच्या रिक्षांचे इंजिन पुढे असे. १९७७ साली मागे इंजिन असलेली रिक्षा आली. त्यामागची कारणे काहीही असोत, वजन त्रिकोणाच्या रुंद बाजूला गेले हे वरच्या हिशेबाने चांगलेच झाले. अमेरिकेत १९७० साली होंडाने फुगीर टायरांची, मोटारसायकलसारखे हँडल असलेली तीनचाकी शेतात आणि वाळूत फिरण्यासाठी आणली. ती अतिशय लोकप्रिय झाली आणि तिच्या अपघातांत असंख्य लोक, विशेषतः मुले, जायबंदी झाली. अखेर १९८८ साली उत्पादकांनी नव्या तीनचाकी विकणे थांबवण्याचे सरकारशी झालेल्या करारात मान्य केले. तीन पायांचे स्टूल डुगडुगत नाही हे खरे, पण स्टूल वळणही घेत नाही.

मामांसारख्यांच्या गाड्यांची कायद्यातली कथाही सांगायला हवी. १९८८च्या मोटार वाहन कायद्यात अपंग व्यक्तीच्या वाहनाची व्याख्या होती, पण ते वाहन मुळातच तसे घडवलेले असावे, नुसते बदल केलेले नसावे, अशी तिची भाषा होती. प्रत्यक्षात आपल्याकडे पोलिओमुळे पाय गेलेली एक अख्खी पिढी साध्या स्कूटरला जोडचाके लावूनच नोकरी-धंद्याला जात होती. फेरफार करून घेतलेल्या वाहनाला कायद्याच्या व्याख्येत स्पष्ट जागा मिळाली ती २०१९च्या दुरुस्तीत. देशातला पोलिओचा शेवटचा रुग्ण २०११ साली सापडला, त्यामुळे पोलिओग्रस्त चालकांची ती पिढी आता वयस्क होत चालली आहे. त्या पिढीतल्या बहुतेकांना मामांची अडचण आली नाही, कारण त्यांच्या हातांनी दुचाकीचा नियम कधी शिकलाच नव्हता. आता जोडचाके लावून घेणाऱ्यांत पक्षाघात झालेले, गुडघे गेलेले, आयुष्यभर दुचाकी चालवलेले लोकही आहेत. गाडी ताब्यात देताना चाके घट्ट बसवली आहेत हे त्यांना सांगितले जाते. हात चुकणार आहेत हे कोणी सांगत नाही.

शिकलेले विसरायला किती वेळ लागतो? डेस्टिन सँडलिन या अमेरिकन अभियंत्याने हँडल फिरवले की चाक उलट वळेल अशी सायकल बनवून घेतली. ती शिकायला त्याला आठ महिने लागले, त्याच्या लहान मुलाला दोन आठवडे. त्यानंतर साधी सायकल काही वेळ त्याला येईना. मामांचे काम इतके कठीण नव्हते, कारण मंद वेगात थेट हँडल फिरवणे त्यांना येतच होते. ते वेगातही करायचे होते, इतकेच.

मी मामांना हे सारे फोनवर समजावले तेव्हा पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, "म्हणजे माझं डोकं ठीक आहे." मामेभावांनाही मी समजावून पाहिले. त्यांना ते पटले असे नाही, पण गाडी विकण्याचा विषय दिवाळीपर्यंत पुढे गेला.

मामा शिक्षक, त्यामुळे त्यांनी सराव पद्धतशीर केला. दर रविवारी शाळेच्या मैदानावर चुन्याने इंग्रजी आठचा आकडा आखायचा. आधी ताशी दहा, मग पंधरा, मग वीस. हँडल रेटायचे नाही, दोन्ही हातांनी नांगराच्या मुठीसारखे फिरवायचे. वळताना आपले अंग आतल्या बाजूला घ्यायचे, कारण गाडी झुकत नसली तरी माणूस झुकू शकतो आणि गुरुत्वमध्य थोडा आत नेऊ शकतो. थांबताना पाय खाली टेकायचा नाही, ही सवय मोडायला सर्वांत जास्त दिवस लागले, आणि ती धोक्याचीही होती. टेकलेल्या पायावर मागून येणारे जोडचाक चढते. शिवाय रस्ता डाव्या कडेला उतरता असला की तीनचाकी रस्त्याबरोबर तिरपी होते. दुचाकीवर अंग नेहमी तोलात ठेवण्याची सवय असलेल्या माणसाला आपण पडतोय असे वाटते आणि तो उगाच उजवीकडे ओढतो. याची नोंद मामांनी वहीत 'खोटी भीती' या शब्दांत केली आहे. खड्डा चुकवण्याचे कौशल्यही नव्याने शिकावे लागले, कारण एक चाकोरी चुकवली तरी उरलेल्या दोनांपैकी एक सापडतेच. वाड्याच्या फाटकाच्या खांबाला डावे जोडचाक दोनदा घासले. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात वहीत पहिल्यांदा 'लाखनी, जाणे-येणे, चूक नाही' अशी ओळ आहे.

दिवाळीला मी आजोळी गेलो तेव्हा मामांनी गाडीची किल्ली माझ्या हातात दिली. व्हिपलची समीकरणे मी एकेकाळी विद्यार्थ्यांना सोडवून दाखवली आहेत. गावाच्या रस्त्यावर गाडी पंचविसाच्या वेगात आली आणि मारुतीच्या देवळापाशी मला डावीकडे वळायचे होते. कोणत्या हाताने काय करायचे हे मला पूर्ण ठाऊक होते. गाडी उजवीकडे गेली आणि हातपंपाच्या ओट्याला टेकून थांबली.

मामा देवळाच्या पायरीवर बसले होते. ते उठलेही नाहीत. तिथूनच त्यांनी विचारले, "बापू, आता डॉक्टरकडे कोणी जायचं?"

गाडी मागे घ्यायला आम्हा दोघांना ढकलावी लागली. तिला रिव्हर्स गिअर नाही.